वाचनालयाच्या दाखल नोंदवहीसाठी टूलकिट कोणते: क्यूट, डब्ल्यूएक्स, की ब्राउझरच पोटात घ्यायचा?

दाखलनोंद (धागाकर्ता)

आमच्या तालुक्यातील पाच सार्वजनिक वाचनालयांसाठी आम्ही चार जण मिळून दाखल नोंदवहीचा एक मुक्तस्रोत प्रोग्राम लिहीत आहोत. पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक द्यायचा, लेखक, प्रकाशक, किंमत आणि असल्यास देणगीदाराचे नाव नोंदवायचे, देवघेव सांभाळायची आणि तपासणीच्या वेळी पुढे ठेवता येईल अशी यादी छापायची, एवढेच त्याचे काम. कोहासारखी उत्तम मुक्त प्रणाली असताना हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो, की कोहाला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. आमच्या ‘क’ वर्गाच्या वाचनालयांत ग्रंथपालबाई याच एकमेव कर्मचारी असतात आणि त्यांना झाडलोटीपासून सगळे पाहावे लागते. त्यामुळे एका संगणकावर बसणारा, इंटरनेटवाचून चालणारा प्रोग्रामच हवा.

माहिती साठवण्याचा भाग पायथन आणि एसक्यूलाइटमध्ये लिहून झाला आहे. अडले आहे ते पडद्यावरच्या भागाचे, म्हणजे खिडक्या, बटणे आणि तक्ते आयते देणारे टूलकिट कोणते घ्यावे याचे. पहिला नमुना आम्ही टीके या टूलकिटमध्ये केला, कारण ते पायथनबरोबर फुकटात येते. विंडोजवर तो ठीक दिसला. लिनक्सवर उघडला तेव्हा ‘विज्ञान’ या शब्दातली पहिली वेलांटी व च्या उजव्या अंगाला जाऊन बसली होती, ज्ञ चे ज, पाय मोडल्याची खूण आणि ञ असे तीन तुकडे झाले होते, आणि ‘वऱ्हाड’ तर वाचताच येत नव्हते. लिनक्सवरचे टीके अक्षरे एकेक करून मांडते, त्यांची जुळणी करत नाही, हे तेव्हा कळले. ज्या पडद्यावर पुस्तकाचे नाव नीट उमटत नाही तो ग्रंथपालांसमोर कोणत्या तोंडाने ठेवायचा?

माझे मत क्यूट ६ या टूलकिटच्या बाजूने आहे, आणि तेही पायसाइड या पायथन-जोडणीतून, म्हणजे पायथन सोडावा लागणार नाही. जोडाक्षरांची जुळणी करणारे हार्फबझ क्यूटच्या पोटातच आहे. तीस हजार नोंदींचा तक्ता सगळा पडद्यात न भरता, लागेल तेवढ्याच ओळी मागून घेणारी मॉडेल-व्ह्यू रचना तयार मिळते. दस्तऐवजीकरण इतके सविस्तर आहे, की नवा स्वयंसेवक आठवड्याभरात कामाला लागतो. शिवाय मोठ्या प्रकल्पांची वाटचाल पाहा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने २००८ मध्ये डब्ल्यूएक्स हे टूलकिट सोडून क्यूट घेतले. नेटवर्क तपासणाऱ्या वायरशार्कने २०१५ मध्ये २.० आवृत्तीत जीटीके या टूलकिटकडून क्यूटकडे मोहरा वळवला. लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेला सबसरफेस हा पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या नोंदींचा प्रोग्रामही जीटीकेवरून क्यूटवर गेला. क्यूजीआयएस, क्रिता, ओबीएस आणि कॅलिबर हे प्रोग्रामही क्यूटवरच चालतात. ही सगळी रहदारी एकाच दिशेची असताना आपण उलट दिशेने का जावे? विरोधी मते हवी आहेत म्हणूनच लिहिले आहे.

अर्धविराम

विरोधी मत हवे असेल तर घ्या. तुम्ही टूलकिटचे गुण सांगितलेत, परंतु ज्या संगणकांवर ते चालायचे आहे त्यांविषयी एक शब्दही लिहिला नाहीत. मी दोन वाचनालयांचे संगणक अधूनमधून पाहतो. तेथे आजही विंडोज ७ आहे, त्यातले काही ३२ बिटांचे. क्यूट ६ ला किमान विंडोज १० लागते. पायथनही ३.९ आवृत्तीपासून विंडोज ७ वर बसत नाही. म्हणजे तुमचा प्रोग्राम जेथे सर्वांत जास्त हवा आहे तेथेच तो उघडणार नाही. डब्ल्यूएक्सची (पूर्ण नाव डब्ल्यूएक्सविजेट्स) ३.२ ही स्थिर शाखा विंडोज एक्सपीपासून पुढे सगळीकडे चालते. पडद्याचा भाग सी++ मध्ये लिहावा लागेल हे खरे, पण फॉर्म तीन आणि तक्ते दोन असलेल्या प्रोग्रामला ते काही डोंगर उचलण्याइतके अवघड नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात डब्ल्यूएक्स सुरू केले तेव्हापासून त्याचे तत्त्व एकच राहिले आहे, ते म्हणजे बटण स्वतः काढायचे नाही, त्या त्या प्रणालीकडून मागून घ्यायचे. म्हणून विंडोजवर ते खरे विंडोजचे बटण असते आणि लिनक्सवर जीटीकेचे. देवनागरीची जुळणी विंडोज स्वतः २००० च्या आवृत्तीपासून करत आले आहे आणि जीटीकेकडे ती पँगो हा घटक करतो. त्यासाठी हार्फबझ आपल्या थैलीत घेऊन हिंडण्याचे कारण नाही. दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठीचा एनव्हीडीए हा मुक्तस्रोत वाचक प्रोग्राम तुम्हाला माहीत असेलच. त्याच्या स्वतःच्या खिडक्या डब्ल्यूएक्सपायथनमध्ये आहेत. पडदा ऐकणाऱ्यांसाठीच काम करणाऱ्यांना ते पुरले, याला माझ्या लेखी वजन आहे.

रहदारीचे म्हणाल, तर सोडून गेलेल्यांची यादी सगळेच देतात, राहिलेल्यांची कोणी देत नाही. सर्किट आखण्याचा कायकॅड, फाइलझिला आणि भाषांतरकारांचा पोएडिट आजही डब्ल्यूएक्सवरच आहेत.

काळा कातळ

तुम्ही दोघेही वीस वर्षांपूर्वीचा वाद घालत आहात असे मला नम्रपणे वाटते. आज एखाद्या महाविद्यालयात जाऊन विचारा, की स्वयंसेवक म्हणून कोण येईल. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट येणारी दहा मुले हात वर करतील, क्यूटचे सिग्नल-स्लॉट ठाऊक असलेला एक मिळाला तर नशीब. मुक्तस्रोत प्रकल्प कोडअभावी मरत नाही, माणसांअभावी मरतो. वेबपानांतूनच प्रोग्राम बांधणारे इलेक्ट्रॉन घ्या, क्रोमियम हा ब्राउझर त्याच्यासोबतच येतो. तिन्ही प्रणालींवर मराठी अक्षर सारखेच उमटते, कारण क्रोमियममध्येही तेच हार्फबझ आहे. पानाची भाषा मराठी आहे असे एका शब्दात सांगितले, की फाँटमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. यादी छापायची तर सीएसएसमध्ये पान आखा आणि छापा.

वर्णानुक्रमाचा मुद्दा तर तुम्ही काढलाच नाहीत. ब्राउझरमध्ये भाषेनुसार क्रम लावणारे इंटल-कोलेटर आयते मिळते. तुमच्या तक्त्यात ‘काळे’ कोठे येते ते एकदा पाहा.

उंबरठा

काळा कातळ यांचा माणसांविषयीचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. इलेक्ट्रॉनची नवी मोठी आवृत्ती सुमारे आठ आठवड्यांनी येते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या केवळ शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांना मिळतात. म्हणजे सहाएक महिन्यांत तीन आवृत्त्या हुकल्या, की तुम्ही जुना ब्राउझर वाटत फिरता. ज्या वाचनालयात इंटरनेट नाही तेथे पेनड्राइव्ह घेऊन कोण जाणार? तीच दहा मुले परीक्षा संपवून पुण्याला नोकरीला गेल्यावर? आणि विंडोज ७ चे म्हणाल तर तेथे इलेक्ट्रॉनचाही २२ च्या पुढे निभाव लागत नाही, तेव्हा अर्धविराम यांच्या आक्षेपाला हे उत्तर नव्हेच. दोन जीबी रॅमच्या यंत्रावर नोंदवही उघडण्यासाठी अख्खा ब्राउझर जागा करणे म्हणजे आडातून तांब्याभर पाणी काढायला पंप लावण्यासारखे आहे.

इलेक्ट्रॉनऐवजी टाउरी सुचवाल म्हणून आधीच लिहितो. तो ब्राउझर सोबत आणत नाही, प्रणालीकडचा वापरतो. म्हणून हलका असतो. परंतु मग विंडोजवर एक इंजिन, लिनक्सवर वेबकिट-जीटीके, मॅकवर ॲपलचे वेबकिट, अशा तीन ठिकाणी तेच पान तपासत बसावे लागते, म्हणजे ‘सगळीकडे सारखे’ हा तुमचा मुख्य मुद्दाच हातातून जातो.

वर्णानुक्रमाबद्दल मात्र काळा कातळ यांनी नेमकी नस पकडली आहे. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल च्या लगेच नंतर आहे, म्हणून निव्वळ क्रमांकांनी लावलेल्या यादीत ‘काळे’ हे ‘कावळे’ आणि ‘कासार’ यांच्या आधी येतात; आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो, तेव्हा ते दोघांच्याही नंतर हवेत. ‘क्षीरसागर’ त्याच यादीत क च्या शेवटी जाऊन बसतात आणि ग्रंथपालबाई त्यांना ज्ञ च्या शेजारी शोधत राहतात. क्यूटच्या सॉर्टिंग प्रॉक्सीमध्ये लोकेलनुसार, म्हणजे भाषेनुसार, क्रम लावण्याची सोय आहे, पण ती आपण होऊन चालू नसते. आणि चालू केली तरी विंडोजवर ती विंडोजच्या तुलनेवर विसंबते आणि लिनक्सवर बहुधा आयसीयू या युनिकोडच्या साधनसंचावर. दोन संगणकांवर दोन याद्या नको असतील तर टूलकिटवर विसंबूच नका. क्रमाची किल्ली स्वतः तयार करून एसक्यूलाइटमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवा. पन्नास ओळींचे काम आहे, आणि मग टूलकिट कोणतेही असो.

तिसरी कळ

परवान्याचा विषय कोणीच काढत नाही याचे नवल वाटते. क्यूट एका कंपनीच्या मालकीचे आहे. १९९६ मध्ये केडीई हे लिनक्सचे डेस्कटॉप सुरू झाले तेव्हा क्यूटचा परवाना मुक्त नव्हता, आणि त्याच नाराजीतून १९९७ मध्ये ग्नोम हे दुसरे डेस्कटॉप जन्माला आले. पुढे ट्रोलटेककडून नोकिया, नोकियाकडून डिजिया, मग त्यातून निघालेली आजची क्यूट कंपनी, असा त्याचा प्रवास झाला. २०२० च्या जानेवारीत त्यांनी जाहीर केले, की दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या यापुढे पैसे भरणाऱ्यांनाच मिळतील, वर्षभरात ५.१५ च्या बाबतीत तसे झालेही. जो मालक एकदा दार लोटतो तो पुढे कडीही लावू शकतो. डब्ल्यूएक्सला मालकच नाही, आणि परवाना इतका सैल, की बनवलेल्या प्रोग्रामवर त्याचे कोणतेही बंधन येत नाही.

दाखलनोंद

परवान्यापुरते आधी उत्तर देतो, कारण तेथे मला शंका नाही. आमचा प्रोग्राम जीपीएल या मुक्त परवान्याखालीच प्रसिद्ध होणार आहे. क्यूट २००० पासून जीपीएलखाली आणि २००९ पासून एलजीपीएल या त्याहून सैल परवान्याखालीही मिळते. पायसाइड एलजीपीएलखाली आहे. मुक्तस्रोत प्रकल्पाला यात कोठेही अडसर नाही, अडसर आहे तो बंद प्रोग्राम विकणाऱ्याला. कडी लावण्याच्या भीतीवर केडीईने १९९८ मध्येच इलाज करून ठेवला आहे. त्यांच्या आणि क्यूटच्या मालकाच्या संयुक्त न्यासाशी असलेल्या करारानुसार मुक्त आवृत्ती काढणे थांबले, तर तो न्यास क्यूट बीएसडीसारख्या परवान्याखाली खुले करू शकतो. कंपनी तीन वेळा बदलली, करार टिकला. ५.१५ च्या दुरुस्त्या बंद झाल्या तेव्हा केडीईने त्या गोळा करून चालू ठेवल्या. मालक नसलेल्या घराला कडी लागत नाही हे खरे, पण गळके छपर शाकारण्याची जबाबदारीही कोणावर नसते.

क्रमाच्या किल्लीची सूचना घेतली. आजच रकाना वाढवतो.

विंडोज ७ चा मुद्दा मात्र मनाला लागला आहे. मी पाचही वाचनालयांत फोन करून विचारले. दोन ठिकाणी विंडोज ७ आहे, तीन ठिकाणी विंडोज १०.

सातवी ओळ

विंडोज ७ चा आधार २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मेलेल्या प्रणालीला जुळेल असे टूलकिट निवडून पुढची दहा वर्षे त्याच्याशी संसार करायचा, हा कोणता हिशेब? त्या दोन यंत्रांवर लिनक्स टाका. ३२ बिटांची असतील तर डेबियन या लिनक्स वितरणाच्या १२ व्या आवृत्तीपर्यंत सोय आहे, ६४ बिटांची असतील तर प्रश्नच नाही.

जीटीकेचे नाव मी मुद्दाम घेत नाही, जरी रोज ग्नोमच वापरतो. जीटीके जिंप या चित्रसंपादकासाठी जन्मले. जीटीके ३ आले २०११ मध्ये आणि खुद्द जिंप त्यावर पोहोचला २०२५ च्या मार्चमध्ये, तोवर जीटीके ४ येऊन चार वर्षे उलटली होती. ज्या घरात पोराला जेवायला इतका उशीर होतो तेथे पाहुण्याने पानावर बसू नये. लिनक्सपुरताच प्रोग्राम असता तर मी वेगळे बोललो असतो.

अर्धविराम

सातवी ओळ यांनी ‘लिनक्स टाका’ हे दोन शब्दांत उरकले आहे. त्या संगणकाला पुस्तकाच्या कण्यावरची लेबले छापणारा एक जुना प्रिंटर जोडलेला आहे आणि त्याची चकती विंडोजचीच आहे. ग्रंथपालबाई गेली कित्येक वर्षे एकाच पद्धतीने टंकतात, त्यांची बोटे त्या कळांवर बसलेली आहेत. प्रोग्राम त्यांच्यासाठी आहे, की आपल्या सोयीसाठी?

उंबरठा

टंकण्याविषयी एक खाचखळगा सांगून ठेवतो, कारण त्यात मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. लिनक्सवर इन्स्क्रिप्ट हा साधा कळफलक असल्याने तो कोणत्याही टूलकिटमध्ये चालतो. परंतु ‘के’ आणि ‘ए’ दाबून ‘क’ उमटवणाऱ्या उच्चारानुसारी पद्धतीला आयबस किंवा एफसिटिक्स असा एखादा दुभाष्या प्रोग्राम मध्ये लागतो, आणि टूलकिटकडे त्याच्याशी बोलणारे प्लगइन असावे लागते. पायथनच्या पिप या पॅकेज-साधनातून आलेल्या क्यूटमध्ये आयबसचे प्लगइन असते, एफसिटिक्सचे नसते. परिणाम असा, की बाकी सगळ्या प्रोग्राममध्ये मराठी उमटते आणि नेमके तुमच्याच खिडकीत रोमन अक्षरे येतात. लिनक्सच्या वितरणातून आलेले क्यूट वापरले तर हा प्रश्न येत नाही. डब्ल्यूएक्स जीटीकेच्या मागून जात असल्याने तेथे सहसा सुटका होते, हे अर्धविराम यांच्या बाजूने नोंदवतो.

रिकामी चौकट

मी पडदा पाहत नाही, ऐकतो. विंडोजवर एनव्हीडीए आणि घरी लिनक्सवर ओर्का वापरतो. माझ्या नावाने वर वाद चालला आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

अर्धविराम विंडोजबद्दल जे म्हणतात ते बरोबर आहे. तेथे डब्ल्यूएक्सची यादी ही विंडोजचीच यादी असते आणि मला ओळ, रकाना, सगळे ऐकू येते. पण ‘प्रणालीकडून मागून घेतो’ हे तत्त्व प्रत्येक घटकाला लागू नाही. तीच डब्ल्यूएक्सची यादी लिनक्सवर जीटीकेची नसते, डब्ल्यूएक्सने स्वतः रंगवलेली असते. आणि स्वतः रंगवलेल्या गोष्टींबद्दल वाचक प्रोग्रामला माहिती पुरवण्याचे डब्ल्यूएक्सचे यंत्र फक्त विंडोजवर लिहिलेले आहे. मला तेथे नोंदींच्या जागी शांतता मिळते. दुसरा, झाडासारखा तक्त्याचा घटक लिनक्सवर खरा आहे, तर विंडोजवर रंगवलेला. म्हणजे कोणता घटक कोठे खरा आणि कोठे चितारलेला हे पाठ असलेल्या माणसालाच डब्ल्यूएक्समध्ये सर्वत्र ऐकू येणारा प्रोग्राम लिहिता येतो.

क्यूट सगळेच स्वतः रंगवते, पण तिन्ही प्रणालींच्या वाचक-व्यवस्थेशी बोलणारे पूल त्याने बांधलेले आहेत. ते परिपूर्ण नाहीत. तुम्ही तक्त्याच्या चौकटीत स्वतःची रंगरंगोटी केलीत, पुस्तक बाहेर असेल तर लाल ठिपका वगैरे, की त्या ठिपक्याचा अर्थ शब्दांत पुरवावा लागतो, नाहीतर माझ्यासाठी ते पुस्तक कायम कपाटातच असते. जीटीके ४ ला विंडोजवर असा पूल ४.१८ आवृत्तीपर्यंत नव्हताच. आणि नीट लिहिलेले एचटीएमएल मला सर्वांत सोपे जाते, हे काळा कातळ यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मात्र ‘नीट लिहिलेले’ हे शब्द वगळून चालणार नाही, कारण चौकटीला बटणाचा रंग देऊन तिला बटण म्हणणारी पाने मी रोज ऐकतो.

काळा कातळ

रिकामी चौकट यांनी ते शब्द अधोरेखित केलेत ते बरे झाले. आठ आठवड्यांच्या आवृत्त्यांचा आक्षेप मला खोडता येत नाही. तरी एक विचारतो. पायसाइडच्या एका फायलीत बांधलेल्या प्रोग्रामचा आकार आणि उघडायला लागणारा वेळ कोणी मोजला आहे का? पायइन्स्टॉलर एकच फाइल करतो ती दरवेळी आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते. इलेक्ट्रॉनला पंप म्हणताना स्वतःची मोटही तपासा.

दाखलनोंद

मोजतो, आणि एक फाइल न करता फोल्डरच वाटेन. तेवढे आम्हाला परवडते.

माझे मत बदलले आहे का, तर थोडे बदलले आहे. क्यूट ६ वरच राहतो, पण मी दिलेल्या कारणांसाठी नव्हे. रहदारीचा मुद्दा मागे घेतो. व्हीएलसीला जे हवे होते ते आम्हाला नको आहे. जोडाक्षरे डब्ल्यूएक्समध्येही जुळतात. राहिला तो रिकामी चौकट यांनी सांगितलेला फरक, की आमची सगळी मदार एका तक्त्यावर आहे आणि तो तक्ता दोन्ही प्रणालींवर ऐकू येणारा एकाच कोडमध्ये मिळतो तो क्यूटमध्ये. लाल ठिपका कालच काढून ‘बाहेर’ असा शब्द असलेला रकाना केला. डोळस माणसालाही तोच बरा वाटला. लिनक्सवर वितरणातलेच क्यूट वापरू. माहितीचा भाग पडद्यापासून वेगळा आहेच, तेव्हा उद्या कोणी सी++ आणि डब्ल्यूएक्समध्ये विंडोज ७ साठी छोटी खिडकी लिहिली, तर तिला तीच एसक्यूलाइटची फाइल उघडता यावी एवढी काळजी घेऊ.

अर्धविराम

‘कोणी लिहिली तर’ याचा अर्थ मीच लिहायची, हे कळले. लिहीन. पण लिनक्स टाकण्याचा आग्रह धरण्याआधी त्या लेबल प्रिंटरचे काय, याचे उत्तर अजून आलेले नाही.

सातवी ओळ

त्याच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक येथे द्या. लिनक्सच्या कप्स या छपाई-व्यवस्थेत त्याचा ड्रायव्हर आहे का ते पाहतो. नसेल तर शनिवारी लॅपटॉप घेऊन वाचनालयातच येतो.